पुंगळी

दिवाळीत चार दिवस आजोळी जाऊन आलो. आजोळ कंधार तालुक्यात, मन्याडच्या खोऱ्यात. लातूरहून अहमदपूरमार्गे गेलं की दुपारच्या जेवणाला पोचतो. या दिवसांत तिकडे सोयाबीन निघालेलं असतं, तूर कमरेच्या वर गेलेली असते आणि हरभरा नुकताच वर येत असतो. म्हणजे माणसांना जरा उसंत आणि रानडुकरांची दिवाळी.

जेवण झालं आणि मामांनी माळ्यावरून डालड्याचा जुना डबा खाली काढला. मला वाटलं, जुने फोटो असतील. डबा उपडा केला तर सतरंजीवर पुंगळ्याच पुंगळ्या. बारा बोअरच्या, उडवून झालेल्या काडतुसांच्या. पितळी बुडावर 'केएफ' असं ठसवलेल्या लाल प्लॅस्टिकच्या बऱ्याच, म्हणजे पुण्याच्या खडकीच्या कारखान्यातल्या. काही त्याहून जुन्या, कागदी, पावसाळ्यांनी फुगलेल्या. आणि तीन-चार सबंध पितळेच्या, हिरव्या पडलेल्या.

"तू शिकलेला हायस," मामा म्हणाले. "ह्यातल्या कंच्या पुन्ना भरता येतील ते सांग."

मी लातूरला पोरांना पदार्थविज्ञान शिकवतो. मामांच्या मते त्यामुळे मला मोटार दुरुस्तीपासून मुतखड्यापर्यंत सगळं कळायला हवं. (एकदा त्यांनी म्हशीच्या पोटफुगीवर सल्ला विचारला होता. असो.)

मी हसून विषय टाळायला बघितलं. मग त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एक तक्ता होता. अमेरिकेतल्या मावसभावाने, आम्ही त्याला दादा म्हणतो, पाठवलेला. डाव्या बाजूला पुंगळीचं नाव, मग टोपी कोणती, दारू कोणती, किती, वर कोणती गोळी, आणि शेवटी दाब आणि वेग. दादा टेक्सासला असतो. तिकडे तो रविवारी हवेत फेकलेल्या तबकड्यांवर बार काढायला जातो आणि घरी गॅरेजमध्ये बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. स्वतःपुरतं भरायला तिथे परवानाही लागत नाही.

"त्यो तिकडं घरात बसून भरायलाय," मामा म्हणाले, "आन् आमी इकडं परवाना असून गप बसावं व्हय?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर मला तेव्हा धड देता आलं नाही, म्हणून हे लिहितोय.

आधी मामांना भरायचं होतं ते काय, ते सांगतो. त्यांच्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची दुनळी आहे, आबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळची. दुकानात तिच्यासाठी काडतुसं मिळतात ती छऱ्यांची. एलजी म्हणजे मोठे छर्रे, एका काडतुसात साधारण सहा. एसजी त्याहून बारीक. एकच गोळी असलेलं काडतूस मामांनी दरवर्षी मागितलं आणि दुकानदाराने दरवर्षी मान हलवली.

एकच गोळी कशाला हवी? गेल्या वर्षीची गोष्ट. वन खात्याची परवानगी काढली होती, कागद हातात होता. रात्री तुरीच्या धुऱ्यावर मामांनी एका मोठ्या डुकरावर एलजी टाकलं. अंतर जरा जास्त होतं. अंतर वाढलं की छर्रे पांगतात. सहातले दोन लागले असतील, एखादा खांद्याच्या जाड कातडीत अडकला असेल. डुक्कर ओरडत तुरीत शिरलं. रात्री जखमी डुकरामागे जायची कुणाची छाती नाही आणि जाऊही नये. सकाळी रक्त दिसलं, डुक्कर दिसलं नाही. चौथ्या दिवशी वास आला तेव्हा सापडलं. बांधापासून चाळीस पावलांवर होतं. चार दिवस ते तिथेच होतं.

मामा हे सांगताना खाली बघत होते. "मारायचं तर एका बारात मारावं. असं सडवून न्हाई," म्हणाले.

तर हे मागणं शौकाचं नव्हतं. शिकारीचे जुने किस्से सांगणाऱ्यांबद्दल मला फारसं प्रेम नाही, पण हे ऐकून मी गप्प झालो. रानडुकराचा त्रास ज्याने रात्री बॅटरी घेऊन राखलेला नाही, त्याने त्यावर बोलू नये असं माझं मत आहे. एका रात्रीत वीस गुंठे हरभरा नांगरल्यासारखा उलटा करतात. सरकारलाही हे मान्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पिकांचं नुकसान करणाऱ्या काही प्राण्यांना परवानगी घेऊन मारायची तरतूद आहे. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि रोही यांच्यापुरते ते परवानगीचे अधिकार खाली वनक्षेत्रपालापर्यंत आणले. कागदावर वाट आहे. त्या वाटेने नीट जायला काडतूस मात्र नाही.

यात एक गंमत आहे. बारा बोअर हे नावच मुळी एका गोळीवरून पडलंय. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोल गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. हिशोब केला तर गोळी भरते साधारण ३८ ग्रॅमची आणि नळी साडेअठरा मिलिमीटरची. सोळा बोअर म्हणजे पौंडात सोळा गोळ्या, म्हणून आकडा मोठा आणि नळी बारीक. म्हणजे ज्या गोळीवरून बंदुकीचं नाव पडलं, नेमकी तीच आमच्या दुकानात नाही.

गोळी नळीतून सरळ जावी यासाठी लोकांनी पुष्कळ डोकं चालवलंय. १८९८ साली विल्हेल्म ब्रेनेके या जर्मन माणसाने मागे वॅड जोडलेली, अंगावर तिरक्या कडा असलेली गोळी काढली. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत कार्ल फॉस्टरने मागून पोकळ असलेली गोळी काढली. तिचं वजन पुढे असल्यामुळे ती बॅडमिंटनच्या फुलासारखी तोंड पुढे करूनच जाते. मामांच्या मोबाइलमधल्या तक्त्यात याच जातीच्या गोळ्या होत्या.

आता तक्त्याकडे येतो. मी तो रात्री उशिरापर्यंत वाचला. दादाला व्हॉट्सअॅपवर प्रश्न विचारून विचारून बेजार केलं (त्याची तेव्हा सकाळ होती). आणि हळूहळू लक्षात आलं, की मामा आणि मी दोघंही तो तक्ता चुकीच्या बाजूने वाचत होतो. आम्ही बघत होतो की दारू किती. दादा म्हणाला, तो आकडा सगळ्यात शेवटी बघायचा. आधी पुंगळी बघायची.

बाहेरून सगळ्या पुंगळ्या सारख्याच दिसतात. एकाच नळीत बसतात म्हणजे बाहेरचं माप तेच असणार. पण आत डोकावलं की फरक कळतो. काहींच्या भिंती तळापासून तोंडापर्यंत सरळ, काही खाली जाड होत गेलेल्या. काहींच्या तळाशी वेगळी चकती बसवलेली असते, ती कुठे उंच, कुठे ठेंगणी. म्हणजे आतली जागा कमीजास्त. आता तीच दारू, तेवढीच, कमी जागेत कोंडली तर ती जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. टोपी बदलली, म्हणजे ठिणगी देणारी ती बुडातली टिकली बदलली, की पेट घ्यायची ताकद बदलते आणि दाब बदलतो. वॅड बदलला, तोंड दुमडायची पद्धत बदलली, तरी तेच. एवढंच काय, तेवढ्याच वजनाच्या छऱ्यांसाठी दिलेला आकडा गोळीसाठी चालत नाही, कारण गोळी नळीत वेगळी घासते आणि मागचा वायू वेगळ्या तऱ्हेने अडवते. त्यामुळे तक्त्यातली एक ओळ ही एकाच जुळणीची असते. कुणीतरी प्रयोगशाळेत ती जुळणी दाब मोजायच्या नळीत उडवून बघितलेली असते. त्या ओळीतली एक वस्तू बदलली की ती ओळच राहत नाही.

हा दाब म्हणजे किती? अमेरिकेत नेहमीच्या पावणेतीन इंची बारा बोअरसाठी वरची मर्यादा आहे चौरस इंचाला साडेअकरा हजार पौंड. आपल्या गाडीच्या चाकात तीस-पस्तीस असतात. आणि ही सगळी उलथापालथ होते तिथे तुमचा डावा हात असतो, वर गाल टेकलेला असतो.

दादा काय करतो, तर एकाच कंपनीच्या, एकाच जातीच्या पुंगळ्या स्वतःच्या डोळ्यांदेखत उडवलेल्या गोळा करतो. मिसळू देत नाही. कोणती किती वेळा भरली याची नोंद ठेवतो, तोंडाला चीर दिसली की फेकतो. कंपनीने त्याच नावाखाली आतली बनावट बदलली, तर जुन्या आणि नव्या वेगळ्या डब्यात. हे ऐकून मला हसू आलं, कारण हाच दादा शाळेत असताना स्वतःची वही कधी जागेवर ठेवत नसे. पण ते गॅरेज म्हणजे बहादुरी नसून वहीखात्याचं काम आहे, हे तेव्हा कळलं.

आणि त्या सबंध तक्त्यात खडकीचं नाव कुठेही नव्हतं. का असावं? तो अमेरिकन दारूचा, अमेरिकन पुंगळ्यांचा तक्ता. खडकीच्या लाल पुंगळीच्या आत किती जागा आहे, तिची टोपी किती जोराची, हे त्या तक्ता करणाऱ्यांनी कधी मोजलेलं नाही. खडकीचा कारखाना १८६९ सालचा, काडतूस चांगलं करतो, मामांचं त्याच्या मालाबद्दल काहीच गाऱ्हाणं नाही. पण ते काडतूस एकदाच उडवून सोडून द्यायचं म्हणून घ्यायचं.

सकाळी चहाच्या वेळी मी हे सगळं मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तुला आबाच्या हाताचं ठावं हाय का?"

ठाऊक होतं की. आबांच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. हडंब्यात गेली, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मळणीयंत्रात बोटं, हात गेलेली माणसं आमच्याकडे प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे कुणी कधी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. आम्ही नातवंडं त्या हाताला बिलगून झोपायचो.

"हडंब्यात न्हाई गेली," मामा म्हणाले.

१९८४ सालची गोष्ट. मामा तेव्हा बारा वर्षांचे. ज्वारी हुरड्यावर आलेली, डुकरांचा उच्छाद. आबांच्या वडिलांच्या काळी घरात ठासणीची बंदूक होती. ती निजामाच्या राज्यातली, सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जमा करून टाकली. पण ठासायची सवय घरात राहिली. ठासणीला काडतूस नसतं, प्रत्येक बार हातानेच भरायचा. काळी दारू मापाने ओतायची, चिंध्या ठासायच्या, वर शिसं. पुढे एकनळी काडतुसाची बंदूक आली, तरी आबा पितळी पुंगळ्या त्याच हिशोबाने भरायचे. माप म्हणून एका पुंगळीचा कापलेला तुकडा होता. त्या मापाने काळी दारू भरून पुष्कळ वर्षं निभलं.

त्या वर्षी काळी दारू मिळाली नाही. घरात कारखान्याची दोन-तीन कागदी काडतुसं होती. ओलीने फुगलेली, नळीत शिरत नव्हती. आबांनी ती फोडली, आतली दारू काढली, आणि त्याच मापाने पितळी पुंगळीत भरली. वर बॅटरीच्या प्लेटा वितळवून ओतलेली गोळी.

ज्यांना यातलं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: ती काडतुसातली दारू बिनधुराची. काळी दारू आणि ती, दोन्हीला आपण दारूच म्हणतो, पण दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही. बिनधुराची दारू कितीतरी कमी लागते. काळ्याच्या मापाने ती भरणं ही बंदुकीच्या जगातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात वाईट चूक आहे. आबांना हे कोण सांगणार होतं? डब्यावर नाव नाही, कारण डबाच नाही.

मामा बॅटरी धरून शेजारी उभे होते. नळी बुडाशी फाटली. मामा म्हणाले, आवाज आठवत नाही, उजेड आठवतो. आणि आबा म्हणाले, "बॅटरी बंद कर." घरी येईपर्यंत ठरलं होतं की हडंबा. कारण खरं सांगितलं असतं तर परवाना गेला असता आणि गुन्हा दाखल झाला असता. नांदेडच्या दवाखान्यात हडंबा सांगितलं, सोयऱ्यांना हडंबा सांगितलं, माझ्या आईलाही हडंबाच सांगितलं. ती तेव्हा सासरी होती. तिला अजून माहीत नाही. (आता वाचेल. मग फोन येईल.) फाटलेली बंदूक गंजून निकामी झाली म्हणून सांगितली. ही दुनळी नंतरची.

मला वाटलं, हे सगळं बघितलेला माणूस पुन्हा भरायच्या गोष्टी कशा करतो? मामांनी ते ओळखलं असावं.

"आबाकडं तक्ता नव्हता," म्हणाले. "माज्याकडं हाय."

यापुढे काय बोलावं ते मला सुचेना. चाळीस वर्षं हा माणूस एकच गोष्ट मनात धरून बसला होता, की बापाने चूक केली ती आकडा ठाऊक नव्हता म्हणून. आणि आता आकडा मिळाला होता, तोही घरच्याच पोराने पाठवलेला. पण आबांचं मापही तसं तक्ताच होतं की! त्यांच्या वडिलांच्या बंदुकीचा, त्यांच्या काळ्या दारूचा. त्या जुळणीत ते बरोबर होतं. दुसऱ्या दारूला लावलं तिथे घात झाला. दादाचा तक्ता खडकीच्या पुंगळीला लावणं म्हणजे पुन्हा तेच करणं. फक्त या वेळी आकडे छापील.

हेच मी मामांना म्हणालो, जरा वेगळ्या शब्दांत. ते काही बोलले नाहीत. उठून म्हशीला वैरण टाकायला गेले.

कायद्याचं बोलायला हवं, कारण आपल्याकडे हा विषय निघाला की माणसं 'चालतंय की' म्हणतात. परवान्यात काडतुसं विकत घेणं, बाळगणं, वापरणं येतं. बनवणं येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. विनापरवाना बनवला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा आहे किमान ७ वर्षं ते जन्मठेप. हे पीक राखायला निघालेल्या शेतकऱ्यालाही लागू आणि गावठी कट्टे विकणाऱ्यालाही. याबद्दल वाद घालता येईल, पण वाद घालत बसण्यात अर्थ नाही, कारण कायदा उद्या उठवला तरी माझं उत्तर बदलत नाही. त्या डब्यातली एकही पुंगळी भरण्यासारखी नाही. कागदी तर नाहीतच, फुगलेल्या आहेत. पितळी कुणी, कधी, कशाने उडवल्या ठाऊक नाही. आणि लाल चांगल्या दिसतात, पण त्यांच्यासाठी मोजलेला एकही आकडा आपल्याजवळ नाही.

आणखी एक सांगतो, दुनळी घरात असणाऱ्यांना उपयोगी पडेल. काडतुसाच्या लांबीचा आकडा, ६५ मिलिमीटर किंवा ७०, हा उडवून तोंड उघडल्यानंतरच्या पुंगळीचा असतो. भरलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. त्यामुळे ६५ च्या जुन्या बंदुकीत ७० चं काडतूस आरामात बसतं आणि माणसाला वाटतं, बसलं म्हणजे चालतंय. उडताना तोंड उघडायला जागा पुरत नाही, पुढच्या निमुळत्या भागात ते अडतं आणि दाब वाढतो. मामांच्या दुनळीवरचा आकडा मी चष्मा पुसून दोनदा वाचला. ६५. डब्यातल्या लाल पुंगळ्यांपैकी सहा ७० च्या निघाल्या. म्हणजे सहा वेळा निभावलं होतं. मामा म्हणाले, "म्हनूनच झटका जास्ती बसायचा व्हय!"

आता माझं मत. एका गोळीचं काडतूस मामांसारख्याला मिळायला पाहिजे. कारखान्यात भरलेलं, दाब तपासलेलं, ६५ आणि ७० दोन्ही मापांत. पीक संरक्षणाच्या परवान्यावर, मोजून, वन खात्याच्या परवानगीच्या कागदाला जोडून द्या. वाटल्यास दहाच द्या. ज्या देशात खडकी आहे, वरणगाव आहे, तिथे हे अवघड नाही. सरकार एका हाताने मारायची परवानगी देतं आणि दुसऱ्या हाताने जे देतं त्याने जनावर चार दिवस सडतं, याला काय म्हणावं? आणि ज्यांच्याकडे तेही नाही, ते कुंपणात विजेचा प्रवाह सोडतात. त्यात डुक्कर मरतं, शेजारचा बैल मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. अशा बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो.

माझ्या या मताविरुद्ध एक गोष्ट आहे आणि ती मी दडवणार नाही. आमचा मुलूख सपाट. छर्रे लवकर दम टाकतात. एकच गोळी चुकली तर एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते, दगडावरून उसळते. आणि रात्री आमची शिवारं रिकामी नसतात. शेतीची वीज बऱ्याचदा रात्रीची, त्यामुळे दोन वाजता मोटार चालू करायला माणसं बांधाबांधाने फिरत असतात. तुरीत माणूस दिसत नाही. म्हणून गोळी द्यायची तर ती मचाणावरून, खाली जमिनीकडे रोखूनच मारायची, अशी अट हवी आणि ती शिकवायला कुणीतरी हवं. पोलीस दलातले निवृत्त लोक तालुक्याला असतातच. एवढं करून द्यायचं नसेल तर देऊ नका, हेही मला मान्य आहे. मग नुकसानभरपाई वेळेवर द्या. पण काहीच न देता मामांना त्या डब्याबरोबर एकटं सोडू नका.

दादाचा रात्री फोन आला. त्याला मी आबांचं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मी तो तक्ता नुसता गंमत म्हणून पाठवला होता रे." खरंच गंमत म्हणूनच पाठवला असणार. मामांनी 'तू काय काय करतोस तिकडं' असं विचारलं होतं, याने सांगितलं.

निघायच्या दिवशी सकाळी ठाकठाक आवाज आला म्हणून बाहेर गेलो. मामा ओट्याच्या पायरीवर पुंगळ्या एकेक करून ठेवत होते आणि हातोडीने तोंडं चेपत होते. प्लॅस्टिकच्या नुसत्या चेपत नव्हत्या, म्हणून बुडाचं पितळ ठोकून वाकडं करत होते. मामांचा नातू शेजारी उकिडवा बसला होता. त्याने एक न चेपलेली उचलली आणि ओठाला लावून फुंकली. शिट्टी चांगली वाजली.

"एक ऱ्हाऊ दे की," तो म्हणाला.

मामांनी हात पुढे केला. पोराने ती दिली.